बाप्तिस्म्याची तारीख आणि मनाची तारीख

गेल्या थँक्सगिव्हिंगला आमची मुलगी कॉलेजातून घरी आली होती. जेवणे आटोपली, श्रीखंडाच्या वाट्या रिकाम्या झाल्या, आणि ती म्हणाली, "आईबाबा, येत्या ईस्टरला मी बाप्तिस्मा घेणार आहे." हिच्या हातातला डाव तसाच पातेल्यात राहिला. त्यावर मी जे बोललो ते आठवून आज मला बरे वाटत नाही. मी विचारले, "कोणी भरीला पाडले तुला?" आणि पाठोपाठ, "आम्ही काय कमी केले?" दर रविवारचे बालविहार, गणपतीतले अथर्वशीर्ष, मंडळाच्या नाटकातली जिजाबाई अशी सगळी यादी माझ्या जिभेवर तयार होती. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, कमी काय पडलं ते तुम्ही विचारलंत. मला काय मिळालं ते नाही विचारलंत."

त्या रात्री झोप लागेना म्हणून बेसमेंटमध्ये गेलो. दोन घरे बदलली तरी न उघडलेली पुस्तकांची खोकी तिथे आहेत. त्यांत आईने इथे येताना माझ्या बॅगेत कोंबलेले लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' सापडले. शाळेत त्यातला उतारा आम्हाला होता आणि आम्ही पोट धरून हसलो होतो, एवढेच आठवत होते. पहाटेपर्यंत वाचत बसलो. पुढच्या महिन्यात युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयातून पंडिता रमाबाईंची १९०७ साली इंग्रजीत लिहिलेली साक्ष आणि ए. बी. शहा यांनी संपादित केलेला, १९७७ साली मुंबईत प्रसिद्ध झालेला त्यांचा पत्रव्यवहार मागवला. मी पेशाने इंजिनीअर, समीक्षक नव्हे. पण मुलीच्या एका वाक्याने मला ही पुस्तके जशी वाचायला लावली तशी ती मी आधी कधी वाचली नव्हती, म्हणून हा लेख.

आम्ही मूळचे सोलापूरचे. लहानपणी पुण्याला जाताना दौंड सोडले की थोड्याच वेळात केडगाव येई. तिथे दोन तऱ्हेचे उतारू उतरत. काही नारायण महाराजांच्या बेटावर जाणारे, हातात हारनारळ. आणि काही रमाबाईंच्या मुक्ती मिशनकडे जाणारे. आई खिडकीतून बोट दाखवून सांगे, "तिथे रमाबाईंनी हजारो बायकामुलींना आसरा दिला हो." पण हे सांगताना रमाबाई ख्रिस्ती होत्या हे वाक्य ती आवाज खाली आणून बोलायची, एखाद्या चांगल्या घरातल्या आजाराबद्दल बोलावे तसे.

मोठेपणी कळले की हा नुसता आईचा आवाज नव्हता. आपल्या सगळ्या वाचनसंस्कृतीचाच तो आवाज आहे. रमाबाईंना आपण समाजसुधारकांच्या रांगेत बसवतो; १९८९ साली त्यांच्यावर टपाल तिकीटही निघाले. लक्ष्मीबाईंना आपण विनोदी आत्मचरित्राचे मानाचे पान देतो. आणि दोघींच्या आयुष्याचा जो गाभा, ती श्रद्धा, आपण आमटीतल्या कढीलिंबाच्या पानासारखी ताटाच्या कडेला काढून ठेवतो. स्वाद तर हवा, पण पान चावायचे नाही.

*

ते पान यावेळी मी चावून पाहिले. पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की ह्या मंडळींच्या आयुष्यात बाप्तिस्म्याची तारीख आणि मन पालटण्याची तारीख एक नाही.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या वाँटेज गावी झाला, चिमुकल्या मनोरमेसह. वय पंचवीस. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेलेली, पुढे भाऊ गेला, दोन वर्षांचाही संसार झाला नाही तोच पती गेला. सोबत आलेल्या मैत्रिणीने तिथेच नुकताच आत्मघात केलेला. अशा अवस्थेत घेतलेला निर्णय. आपल्याकडच्या टीकाकारांनी तेव्हा जे म्हटले तेच मी थँक्सगिव्हिंगला म्हटले होते, कोणी भरीला पाडले? पण साक्षीत रमाबाई वेगळेच कारण पुढे ठेवतात. लंडनच्या फुलहॅम भागात वाँटेजच्या सिस्टरांचे एक केंद्र होते. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे पुन्हा उभे करीत. रमाबाईंनी हे कधी पाहिले नव्हते. अशा बाईचे काय करायचे हे शास्त्रांत त्यांनी वाचले होते, आणि ते करुणेचे नव्हते. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले. उत्तर म्हणून सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली: विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली, परक्या जातीची बाई, आणि तिच्याकडे प्यायला पाणी मागणारा येशू. आपल्याकडे पाण्याभोवती किती भिंती आहेत हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही गोष्ट रमाबाईंच्या काळजाला का भिडली ते सांगायला नको.

एवढे होऊनही त्या साक्षीतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य पुढे येते. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी आपल्याला कळले, असे त्या सांगतात, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. बुद्धीला पटले होते, पण मनाला विसावा नव्हता. विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ वर्षानुवर्षे चर्चमध्ये उपदेश करीत होता आणि एके दिवशी व्यासपीठावर उपदेश करता करताच त्याचे स्वतःचे मन पालटले. ते वाचून रमाबाईंनी स्वतःला प्रश्न केला, आणि उत्तर टाळले नाही.

ज्या बाईने ख्रिस्ती होण्यासाठी आपल्या माणसांचा रोष ओढवून घेतला, जिच्या शारदा सदनावरून पुण्यात १८९३ च्या सुमारास रान उठले, तिने "मी ख्रिस्ती झाले खरी, पण आतून झाले नव्हते" असे छापून कबूल करावे याला केवढे धैर्य लागते! विरोधकांच्या हाती ते कोलीत होते आणि मिशनऱ्यांनाही ते अवघड होते. मला तर साक्षीतली ही कबुली तिच्यातल्या साऱ्या वचनांपेक्षा जास्त पटते.

*

साक्ष ह्या लेखनप्रकाराबद्दल मात्र माझी एक तक्रार आहे. साक्षीला एक ठरलेला साचा असतो: आधी अंधार, मग प्रकाश. ती ख्रिस्ती वाचकांसाठी, त्यांना उभारी यावी म्हणून लिहिलेली असते. त्यामुळे शेवटी शेवटी पवित्र शास्त्रातली वचने दाटत जातात आणि बोलणारी बाई त्यांच्यामागे हळूहळू दिसेनाशी होते. पत्रव्यवहारात भेटणारी भांडकुदळ रमाबाई इथे नाही, आणि मला तिची चुकचुक लागते.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन ह्या त्यांच्या धर्ममाता. दोघींची पत्रे वाचावीत! सिस्टरने क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत असे म्हणावे, आणि रमाबाईंनी विचारावे की मला न येणारी लॅटिन कशाला, माझी संस्कृत काय वाईट आहे? रमाबाई शाकाहारी, पुडिंगमध्ये अंडे आहे का हे पाहून खाणाऱ्या. सिस्टरला त्यात जातीचा ताठा दिसतो, रमाबाईंना तो आपला साधा हक्क वाटतो. (इथल्या बर्थडे पार्ट्यांत केकमध्ये अंडे आहे का हे विचारून ज्यांनी यजमानांचे चेहरे पाहिले आहेत त्यांना हा प्रसंग नवा वाटणार नाही.) त्रैक्याच्या सिद्धान्तावर तर वाद वर्षानुवर्षे चालला. एका भटजींचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले ते दुसरे चढवून घेण्यासाठी नव्हे, ह्या अर्थाचे रमाबाईंचे उत्तर वाचताना मी खुर्चीतच टाळी दिली.

पण मग प्रश्न येतो. ही ताठ मानेची बाई आणि आठ वर्षांनी शरण गेलेली बाई, ह्यांचा मेळ कसा घालायचा? काही अभ्यासकांना वाटते की आधीची रमाबाई खरी, नंतरची भाविक रमाबाई म्हणजे माघार. मलाही एकेकाळी तसेच वाटत होते. आता वाटत नाही, आणि त्याचे कारण साक्षीत नाही; ते रमाबाईंच्या शेवटच्या कामात आहे.

मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जूनमध्ये मोठी जागृती झाली. वेल्समधल्या आणि मग खासी टेकड्यांमधल्या जागृतीच्या बातम्या आल्या होत्या, शेकडो मुली रोज प्रार्थनेला जमत होत्या. मुली रडू लागल्या, मोठमोठ्याने पापे कबूल करू लागल्या. पाश्चात्त्य मिशनऱ्यांतल्या काहींना हा गलका पसंत पडला नाही. रमाबाईंनी आपल्या मुलींची बाजू घेतली. आमची माणसे रडली तरी मोठ्याने रडतात आणि हसली तरी मोठ्याने हसतात, त्यांनी प्रार्थना तेवढी इंग्रजी शिस्तीत का करावी, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. म्हणजे क्रूसावरच्या लॅटिनला नकार देणारी बाई कुठेही गेली नव्हती.

आणि त्याच काळात त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला हात घातला. हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ भाषांतून, सुमारे अठरा वर्षे हे काम चालले. १९२२ साली त्या वारल्या तेव्हा ते नुकतेच हातावेगळे झाले होते, आणि छापून पुरे झाले १९२४ मध्ये. भाषा कोणती? खेड्यातल्या, दुष्काळातून आलेल्या, जेमतेम अक्षरे शिकलेल्या बाईला कळेल अशी. जिला कलकत्त्याच्या पंडितांनी संस्कृतच्या व्यासंगासाठी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले, वाँटेजला जिने संस्कृतसाठी सिस्टरशी भांडण मांडले, तिने आयुष्याची शेवटची वर्षे संस्कृत शब्द गाळून सोपी मराठी लिहिण्यात घालवली. पांडित्य ही रमाबाईंची एकमेव वडिलोपार्जित इस्टेट होती, आणि तीच त्यांनी केडगावच्या मुलींसाठी खाली ठेवली. मन पालटल्याचा ह्याहून भक्कम पुरावा मला त्यांच्या कुठल्याही वाक्यात सापडत नाही. ह्याला माघार कशी म्हणावी?

*

आता 'स्मृतिचित्रे'. नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला सांगितले नाही. लक्ष्मीबाईंवर काय कोसळले असेल! नवरा जिवंत, कुंकू कपाळावर, आणि घर मोडलेले. पुढची कित्येक वर्षे त्यांनी पंढरपुरात आणि नातेवाइकांकडे काढली. नंतर टिळकांकडे नगरला आल्या त्याही आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी वेगळे ठेवून.

एका छपराखाली दोन पाणवठे. आपल्या घरातही आज तसेच आहे, असे परवा हिला म्हणालो तर तिने नुसते माझ्याकडे पाहिले.

लक्ष्मीबाईंचे पालटणे ज्या रीतीने येते ते वाचून मी पुस्तक मिटून बसलो. त्यांना कोणी दर्शन देत नाही, त्या कोणत्याही प्रवचनाने हेलावत नाहीत. एकदा त्या स्वतःशी विचार करू लागतात, जात केली कोणी, देवाने की माणसाने? आणि घरगुती तर्काने, कोणाही पंडिताला न विचारता, त्या ठरवतात की हे काम देवाचे नव्हे. मग आजपासून मी कोणाच्याही हातचे खाईन, पिईन. बस्स. ख्रिस्तावरची श्रद्धा त्यानंतर येते, बाप्तिस्मा १९०० साली. ज्यांच्या वडिलांनी सोवळ्याच्या अतिरेकाने सारे घर वेठीला धरले होते त्या मुलीच्या बाबतीत ही केवढी उलथापालथ आहे! पण लक्ष्मीबाई ती अशा आवाजात सांगतात की जणू लोणच्याची बरणी एका फळीवरून दुसरीवर ठेवली.

इथेही टीकाकाराला बोलायला जागा आहे. लक्ष्मीबाई आतले दार फारसे उघडत नाहीत. बाप्तिस्म्याच्या वेळी मनात काय होते, प्रार्थनेत काय मिळाले, ह्याबद्दल पुस्तक हात आखडते. विनोद ही त्यांची देणगी आहे, तसा त्यांचा पडदाही आहे. रमाबाईंच्या साक्षीत वचने बाईला झाकतात. इथे हसू झाकते. पण लक्ष्मीबाई जे सांगत नाहीत ते करून दाखवतात. प्लेगच्या दिवसांत रोग्यांची शुश्रूषा, घरात आणून ठेवलेली अनाथ पोरे, कोणाच्याही जातीची, आणि स्वयंपाकघरात धान्य नसताना टिळक घेऊन येत ते पाहुणे. ज्या हाताला पूर्वी दुसऱ्याचे पाणी चालत नव्हते तो हात परक्याचे अंग पुसतो आहे. टिळकांनी सुरू केलेले आणि अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे ह्याच बाईंनी पुरे केले, ज्यांना लिहायला-वाचायला लग्नानंतर नवऱ्याने शिकवले होते.

टिळकांचे स्वतःचे पालटणे तर बाप्तिस्म्यावर थांबलेच नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. अभंगाच्या छंदात त्यांनी ख्रिस्ताला आळवले, 'ज्ञानोदया'चे संपादन केले, आणि १९१७ साली, मिशनच्या पगाराच्या चौकटीतून बाहेर पडून, साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसू शकत. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी! दोन वर्षांत ते गेले, दरबार वाढायचा राहिला. पण लक्ष्मीबाईंची पाच वर्षे, रमाबाईंची आठ आणि टिळकांची बावीस, हे तीन आकडे एकाखाली एक लिहून मी बराच वेळ बघत होतो.

*

हे आकडे आपल्याला परके वाटू नयेत. आपल्यातल्या अनेकांनी कोर्टाच्या सभागृहात उजवा हात वर करून नागरिकत्वाची शपथ घेतली आहे. हातात छोटा झेंडा, बाहेर फोटो, संध्याकाळी बाहेर जेवण. कागदावर ती तारीख छापलेली आहे. पण हा देश आपला झाला ती तारीख कोणती? माझ्यापुरते सांगायचे तर शपथेनंतर कित्येक वर्षांनी, समोरच्या घरातला म्हातारा शेजारी वारला आणि त्याच्या दारासमोरचा बर्फ काढताना मला रडू आले, त्या दिवशी. कागद आधी झाला, मन मागून आले. काहींच्या बाबतीत मन कधीच येत नाही, त्यांचाही कागद खराच असतो.

धर्माच्या बाबतीत आपण नेमके उलटे वागतो. आपले सगळे भांडण कागदाशी: नाव बदलणार का, लग्न कोणत्या पद्धतीने, आजीला काय सांगायचे. मनाचे काय झाले हे विचारायची आपल्याला भीती वाटते, कारण उत्तर खरे निघाले तर करायचे काय? रमाबाईंना त्यांच्या काळच्या पुण्याने हा प्रश्न विचारला नाही. लक्ष्मीबाईंवर टिळकांनी धर्माची सक्ती केली नाही, पण आपला निर्णयही त्यांना आधी सांगितला नव्हता. निदान आमच्या मुलीने आधी सांगितले.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, आणि मी ती मुलीला सांगितली. नव्या श्रद्धेच्या उत्साहात जुने सगळे अंधार होते असे म्हणायचा मोह होतो. साक्षीचा साचा तो मोह वाढवतो. टिळकांनी तुकाराम सोडला नाही. रमाबाईंनी सिस्टरपुढे मान तुकवली नाही. बाप्तिस्मा घेऊन ज्याचे कान आपल्या आईच्या भाषेला बंद झाले त्याचे मन पालटले की नुसता पत्ता, हे विचारायचा हक्क माझा आहे.

नाताळच्या सुट्टीत ती आली तेव्हा तिला शांता गोखल्यांनी २०१७ साली केलेले 'स्मृतिचित्रे'चे इंग्रजी भाषांतर दिले, आणि खूप उशिरा का होईना, तो प्रश्न विचारला: "तुला काय मिळालं?" ती तासभर बोलली. ते तिचे आहे, इथे लिहिणार नाही. एवढेच सांगतो की त्यात तिच्या एका रूममेटची गोष्ट होती, जिच्याशी ती वर्षभर अबोला धरून होती. तो तिने मोडला. एक पाणवठा कमी झाला म्हणायचा.

मला सगळे पटले असे नाही. हिला तर अजून काहीच पटलेले नाही. तिची तारीख यायची तेव्हा येईल. ईस्टरच्या सकाळी तीन तास गाडी हाकून मी जाणार आहे आणि मागच्या बाकावर बसणार आहे. बरोबर डब्यात बेसनाचे लाडू असतील. ते मात्र हिनेच वळायला घेतले आहेत, का ते मी विचारलेले नाही.

रमाबाईंचा पत्रव्यवहार युनिव्हर्सिटीला परत करायचा आहे, तो तेवढा मागू नका. 'स्मृतिचित्रे' मात्र माझ्याकडे आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी पाडव्याच्या कार्यक्रमात भेटावे. वाचताना हसा भरपूर, पण ताटाच्या कडेला काही काढून ठेवू नका.